भंगारात देण्याआधी सायकल उलटी करून पाहा

वसईपासून विरारपर्यंत कोणत्याही जुन्या चाळीत किंवा चार मजली इमारतीत जा. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे, नाहीतर गॅलरीच्या कोपऱ्यात एक तरी सायकल धूळ खात उभी असते. टायर बसलेले, चेन गंजून काठीसारखी ताठ झालेली, सीटवर पावसाळी प्लॅस्टिक बांधलेले. घरात पाहुणे यायचे असले, रंग काढायचा असला किंवा सोसायटीने जिना मोकळा करा म्हटले, की तिची आठवण होते. भंगारवाला खाली ओरडतच असतो. तो काट्यावर टांगून वजन करतो, किलोच्या भावाने पैसे हातावर ठेवतो आणि विषय संपतो.

त्या काट्यावर लोखंडाचे वजन कळते, सायकलीची किंमत कळत नाही. ती फ्रेम कोणत्या नळीची आहे, सायकल कोणत्या गावी आणि कोणत्या साली तयार झाली, ती पुन्हा धावेल की नाही, हे भंगारवाल्याने पाहावे अशी अपेक्षाच नाही. ते आपण पाहायचे असते. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. थोडी माहिती, एक मोजपट्टी, जुना दात घासायचा ब्रश आणि दोन-तीन रविवार पुरतात.

या सायकली आल्या कुठून?

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या सायकली विलायतेहून बोटीने येत. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बी.एस.ए., हर्क्युलिस, फिलिप्स, हंबर, रज ही नावे आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होती. रॅले कंपनी १८८७ साली नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवर उभी राहिली आणि त्या रस्त्याचेच नाव तिला मिळाले. बी.एस.ए. ही मुळात बंदुका करणारी कंपनी. म्हणून तिच्या खुणेत एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतात.

नंतर देशातच कारखाने झाले. मद्रासेत टी.आय. सायकल्स १९४९ साली स्थापन झाली आणि हर्क्युलिस, बी.एस.ए., फिलिप्स ही नावे भारतीय झाली. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला. सोनिपतला १९५१ मध्ये अॅटलास आणि लुधियान्यात १९५६ मध्ये हीरो सुरू झाली.

आपल्या मुंबईचाही यात वाटा होता, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. वरळीत हिंद सायकल्सचा कारखाना होता. बी.डी.डी. चाळी, कापडगिरण्या आणि हा सायकल कारखाना एकाच कामगार मुलखातले. पुढे हिंद सायकल्स अडचणीत आली. १९८० साली संसदेने कायदा करून हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. वरळीचा कारखाना नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशनकडे गेला. आज तो बंद आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ, लालबाग, वरळीची किती तरी कुटुंबे स्वस्त खोलीच्या शोधात नालासोपारा-विरारकडे आली. भांडी, ट्रंका, फोटो यांच्याबरोबर टेम्पोत सायकलही आली. म्हणून वरळीत तयार झालेली ‘हिंद’ सायकल आज पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या जिन्याखाली सापडली, तर नवल वाटायला नको.

साधी सायकल आणि रेसर

या सर्व कंपन्यांच्या बहुतेक सायकली म्हणजे काळ्या, उंच, सळईच्या ब्रेकच्या. वजन १८ ते २२ किलो. गोणी वाहावी, दुधाचे कॅन टांगावेत, बायको-मुलाला बसवून बाजाराला जावे, अशा कष्टाच्या कामासाठी त्या केलेल्या असत. रेसर ही वेगळी जात आहे. तिचे हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले, चाके अरुंद, ब्रेक वायरचे, आणि चांगल्या रेसरचे वजन दहा-अकरा किलोच भरते.

आपल्याकडे रेसर कमीच होत्या. काही विलायती आणि इटालियन सायकली शौकिनांनी किंवा शर्यतीत उतरणाऱ्यांनी आणल्या. अॅटलासने १९७८ साली रेसिंग सायकल बाजारात आणली, आणि १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांना सायकली पुरवल्या. अशा सायकली हातोहात विकल्या गेल्या. कुणी खाली वळलेले हँडल काढून सरळ टाकले, कुणी मागे कॅरियर लावला, कुणी दिवाळीला ऑईलपेंटचा हात मारला. त्यामुळे आज रेसर रेसरसारखी दिसेलच असे नाही. हँडल आणि रंग यांवर जाऊ नका. फ्रेमच्या खुणा पाहा, त्या सहसा बदलत नाहीत.

खुणा कशा वाचाव्यात?

पहिली खूण मागच्या चाकाच्या खाचेची. चाकाचा आस ज्या पत्र्याच्या खाचेत बसतो ती खाच साध्या सायकलीत मागच्या बाजूला उघडी असते. गियरच्या रेसरमध्ये ती पुढच्या बाजूला उघडते आणि उजवीकडे खाली एक भोक असलेला छोटा कान असतो. त्या कानावर गियर बदलणारा डिरेलर बसतो. पत्रा जाड असेल आणि त्यावर ‘कँपान्योलो’ असे इटालियन नाव कोरलेले असेल, तर थांबा. ही १९३३ साली विचेन्झा शहरात निघालेली नामांकित कंपनी. पत्र्यावर तिचे नाव म्हणजे संपूर्ण सायकल तिने केली असे नव्हे, पण फ्रेम करणाऱ्याने स्वस्त माल वापरलेला नाही एवढे नक्की कळते.

दुसरी खूण नळीची. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली ‘५३१’ नावाची नळी काढली. पोलादात मँगनीज, मॉलिब्डेनम आणि कार्बन यांचे जे प्रमाण, त्यावरून हा आकडा आला. ही नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. सांध्यावर जोर येतो तिथे ताकद ठेवायची आणि मधले वजन काढायचे, अशी ही युक्ती. इटलीत कोलंबस कंपनी अशाच नळ्या करी. फ्रेमवर चिकटवलेली चिठ्ठी उडून गेली असेल, तर सीटचा दांडा बाहेर काढा आणि व्हर्नियरने त्याची जाडी मोजा. २७.२ मिलिमीटर भरली तर नळी पातळ आणि उंची असण्याचा संभव मोठा. साध्या सायकलीचा दांडा बहुधा २५.४ म्हणजे एक इंचाच्या आसपास असतो.

तिसरी खूण सांध्यांची. जुन्या पोलादी फ्रेममध्ये नळ्या एका धातूच्या खोळीत बसवून पितळेने किंवा चांदीच्या मिश्रणाने झाळलेल्या असतात. कारागीर या खोळीला ‘लग’ म्हणतात. तिच्या कडा कानशीने घासून नीट निमुळत्या केलेल्या असतील, तर ते काम कुणीतरी मन लावून केले आहे असे समजावे.

चौथी खूण चेनव्हीलची. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची आकृती असते, हंबरच्या चेनव्हीलमध्ये पाच माणसे. रजची निशाणी उघडा पंजा. मात्र चेनव्हील बदलता येते, म्हणून पुढच्या नळीवरच्या बिल्ल्याशी ते जुळते का ते पाहा. बिल्ल्यावर नॉटिंगहॅम आहे की सेन-रॅले, यावरून सायकल विलायती की आसनसोलची हेही समजते.

आता सायकल उलटी करा. पॅडलचा आस ज्या आडव्या नळकांड्यातून जातो, त्याच्या पोटाला किंवा सीटखालच्या सांध्याला नंबर ठोकलेला असतो. चिखल आणि रंग हळूच काढून तो लिहून घ्या. सालही अनेकदा सायकलच सांगते. मागच्या हबवर स्टर्मी-आर्चर हे नाव असेल, तर सहसा शेजारी वर्षाचे दोन आकडे असतात. शिमानोच्या भागांवर इंग्रजी दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ‘ए’ म्हणजे १९७६, ‘बी’ म्हणजे १९७७, असे पुढे मोजत जावे. कँपान्योलोच्या जुन्या डिरेलरवर ‘पेटंट’ या शब्दापुढे सालाचे दोन आकडे येतात. हे साल त्या भागाचे असते. फ्रेम त्याच्या आसपासची असू शकते. तीन-चार भागांची साले जुळली, तर मात्र खात्री धरायला हरकत नाही. आणि जुना नगरपालिकेचा पितळी बिल्ला कुठे लटकत असेल, तर तो फेकू नका. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि असा बिल्ला देत.

फ्रेम जिवंत आहे का?

ओळख पटली म्हणून लगेच खर्चात पडू नये. आधी फ्रेमची तपासणी. पुढच्या नळीच्या मागे, वरच्या आणि खालच्या दांड्यांच्या पोटाला बोट फिरवा. तिथे फुगवटा किंवा रंगाला आडवी चीर लागली, तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. मग एक दोरा घ्या. मागच्या डाव्या खाचेला बांधा, पुढे आणून पुढच्या नळीला वळसा घाला आणि परत उजव्या खाचेला बांधा. सीटच्या नळीपासून दोऱ्याचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. सारखे असेल तर फ्रेम सरळ. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. जास्त असेल तर अनुभवी फ्रेमवाल्याला दाखवा. पोलाद वाकवून सरळ करता येते, तुटला सांधा पुन्हा झाळता येतो. जुन्या पोलादाचा हाच मोठा गुण.

गंजाचेही दोन प्रकार. वरचा तांबूस गंज घासून जातो. आतला गंज मात्र फ्रेम खातो. वसईच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात सीटच्या दांड्यातून पाणी आत उतरते आणि सर्वांत खालच्या नळकांड्यात साचते. तिथे नाण्याने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पत्रा दबला किंवा भोक दिसले, तर ती फ्रेम रस्त्यावर आणू नये. तिचे सुटे भाग कामी येतील.

घरच्या घरी दुरुस्ती

खोलण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा आणि डबीवर नाव लिहा. हे काम घरातल्या मुला-मुलींना द्यावे. ती ते मोठ्या जबाबदारीने करतात.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डावे पॅडल उलट्या आट्याचे असते. ते घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटते. विलायती पद्धतीच्या फ्रेममध्ये खालच्या नळकांड्याची उजवी वाटीही उलट्या आट्याची असते. इटालियन फ्रेममध्ये मात्र दोन्ही वाट्या सरळ आट्याच्या. नळकांड्याची रुंदी मोजा. बहुधा विलायती ६८ मिलिमीटर, इटालियन ७०. हे न पाहता पान्यावर लोंबकळले की आटे जातात, आणि चांगली फ्रेम निकामी होते.

जाम झालेल्या भागात गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा सोडा. घाई नको. क्रँकची कॉटर पिन काढताना नट पूर्ण काढू नये. दोन-तीन फेरे सैल करून पिनेच्या टोकाशी आणावा, क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार द्यावा आणि मग एकच नेमका घाव घालावा. आधाराशिवाय ठोकले, तर सारा मार छर्ऱ्यांवर जातो.

छर्रे, वाट्या आणि कोन डिझेलमध्ये धुऊन पुसा. वाटीत खड्डे पडले असतील तर वाटी बदला. छर्रे मात्र सरसकट नवे घाला, ते स्वस्त असतात. बहुतेक जुन्या सायकलींत क्रँकच्या प्रत्येक बाजूला दोन सुती अकरा, मागच्या हबात दोन सुती नऊ आणि पुढच्या हबात दीड सुती दहा छर्रे बसतात. तरीही आपल्या सायकलीतून निघालेले मोजूनच नवे आणा. वाटीत नवे ग्रीस भरा. कोन असा आवळा की चाक डुगडुगणार नाही आणि अडकणारही नाही.

चेन मोजायची असेल तर पट्टी लावा. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. अर्धा सूत वाढली तर चेन बदलावी. एक सूत वाढली तर फ्रीव्हीलचे दातेही गेले समजावे.

क्रोमवरचा गंज काढायला पोळ्यांच्या डब्यातली चांदी, म्हणजे अॅल्युमिनियमचा कागद, पाण्यात भिजवून घासा. पत्रा न ओरबाडता चमक येते. पितळी बिल्ल्याला चिंच चालते, पण त्यावर रंग किंवा मिना असेल तर फक्त ओले फडके फिरवा. फ्रेम धुऊन वाळली की रंगाच्या दुकानातले जवसाचे डबल बॉइल्ड तेल आत सोडा, फ्रेम चारी बाजूंनी फिरवा आणि उरलेले तेल निथळू द्या. आतून एक पापुद्रा धरतो आणि खाऱ्या हवेपासून बचाव होतो. त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

जुने काय ठेवावे, नवे काय घालावे?

सर्वांत मोठा मोह रंगाचा. सायकल दारात आली की आपल्याला ती नवी करकरीत दिसावीशी वाटते. पण मूळ रंग, मूळ अक्षरे आणि मूळ सोनेरी रेघा एकदा घासल्या की परत येत नाहीत. जाणकार माणूस नव्या रंगाच्या फ्रेमपेक्षा टवके उडालेल्या मूळ रंगाच्या फ्रेमला अधिक मान देतो. गंज थांबवा, मेण लावा आणि म्हातारपणाच्या खुणा राहू द्या.

जिवाशी संबंध असलेल्या वस्तू मात्र नव्याच हव्यात. ब्रेकचे रबर, ब्रेकच्या वायरी, टायर आणि ट्यूब यांत काटकसर करू नये. लोखंडी रिमवर पावसात ब्रेक फार कमी धरतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात अशी सायकल सांभाळून चालवावी किंवा घरीच ठेवावी. टायर घेताना मापात फसगत होते. जुन्या रेसरला २७ इंची टायर लागतो, नव्या रेसरला ‘७००’ मापाचा. दोन्ही दिसायला सारखे, पण रिमच्या व्यासात आठ मिलिमीटरचा फरक. २७ इंची टायर मिळत नसेल तर ७०० ची चाके बसवता येतात. फक्त ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली पोचते का ते आधी पाहा.

चाकाची आऊट काढणे आणि सांधा झाळणे ही कामे हात बसलेल्या मिस्त्रीकडेच द्यावीत. स्टेशनजवळच्या जुन्या दुकानांतून असे मिस्त्री अजून भेटतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका. आऱ्या बोटांनी वाजवून चाक सरळ करणारा हात पुस्तकातून तयार होत नाही. शक्य असेल तर आपल्या मुलाला किंवा मुलीला तासभर त्यांच्या शेजारी बसवा.

आणि सायकल बाहेरून विकत घेत असाल, तर नंबर खरवडलेला नाही ना, हे पाहूनच पैसे द्या. विकणाऱ्याकडून लिहून घ्या. गरिबाची चोरीला गेलेली सायकल आपल्या दारात येऊ नये.

हा उद्योग कशासाठी?

मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे नाव आपण ऐकलेच आहे. बोरघाटाचा चढ सर्वांत आधी चढणाऱ्याला त्या शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जाई. ज्या दशकांत ती शर्यत गाजली, तेव्हा स्पर्धक पोलादी सायकलींवरच घाट चढत होते. त्याही आधी, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये परतले. तेव्हा ना कार्बनची फ्रेम होती, ना लाखाची किंमत.

आज शर्यतीची नवी सायकल घ्यायची म्हटले, तर कामगाराच्या कित्येक महिन्यांचा पगार जातो. सायकलिंगची आवड असलेल्या आपल्या मुलीला किंवा मुलाला आपण तिथेच थांबवतो. पण नीट जुळवलेल्या पोलादी रेसरवर पाय तयार होतात, दम वाढतो, घसरणे-सावरणे कळते. पहाटे आगाशी-अर्नाळ्याच्या रस्त्यावर किंवा वसई किल्ल्याच्या बाजूला सराव करायला ती पुरेशी आहे. पुढे मूल खरेच चमकले, तर नव्या सायकलीचा विचार करता येईल.

रेसर निघाली नाही आणि साधी काळी हिंद, अॅटलास किंवा हर्क्युलिस निघाली, तरी हिरमुसू नका. अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. हिंद तर केव्हाच गेली.  पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. मुलांना एकदा तिथे न्या. आपल्या जिन्याखाली जे पडले आहे, ते तिथे मानाने मांडलेले त्यांना दिसेल.

शेवटी एक काम, ज्याला पैसा लागत नाही. एका वहीत सायकलीचा नंबर लिहा. ती कुणी घेतली, किती रुपयांना, कोणत्या पगारातून, तिच्यावरून कोण कुठे कामाला जात असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. गिरणीतल्या पहिल्या पाळीला पहाटे जाणाऱ्या माणसाचे चरित्र कुणी छापले नाही. त्याची सायकल आहे, बिल्ला आहे आणि तो आठवणारी आजी अजून घरात आहे. तोवर ही वही भरून घ्यावी. भंगारवाला पुढच्या रविवारीही येणारच आहे, त्याला थांबायला सांगा.